चाळणी कुणाची, दाणे कुणाचे

नोव्हेंबर १९७८मध्ये कलकत्त्यात एका डॉक्टरची उलटतपासणी झाली. डॉक्टरांचं नाव सुभाष मुखोपाध्याय. ३ ऑक्टोबरला जन्मलेली एक मुलगी शरीराबाहेर फलित केलेल्या बीजांडापासून जन्मली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ही मुलगी पुढे ‘दुर्गा’ या नावाने ओळखली गेली. इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली त्याला तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. पश्चिम बंगाल सरकारने दाव्याची शहानिशा करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष रेडिओफिजिक्सचे जाणकार होते. मानवी भ्रूण प्रयोगशाळेत वाढवण्याचा अनुभव समितीत कुणालाच नव्हता.

मुखोपाध्यायांची पद्धत इंग्लंडमधल्या पद्धतीशी जुळत नव्हती. एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी लुईसच्या वेळी नैसर्गिक पाळीतलं एकच बीजांड दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढलं होतं आणि ताजा भ्रूण गर्भाशयात सोडला होता. मुखोपाध्यायांनी संप्रेरकं देऊन एका वेळी अनेक बीजांडं तयार करवली, ती योनिमार्गातून काढली, फलनानंतर भ्रूण गोठवून ठेवले आणि काही आठवड्यांनी, वेगळ्या पाळीत, गर्भाशयात सोडले. समितीला यातलं काहीच पटलं नाही. दावा खोटा ठरला. त्यांना परदेशी जाऊन काम मांडायची परवानगी मिळाली नाही, मग डोळ्यांच्या संस्थेत बदली झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ (१९९०) या शोकांतिकेवर बेतलेला आहे. पडद्यावरचा डॉक्टर कुष्ठरोगावर काम करतो, एवढाच फरक.

समितीला अशक्य वाटलेल्या तिन्ही गोष्टी पुढच्या दहा वर्षांत जगभर रूढ झाल्या. संप्रेरकं देऊन जास्त बीजांडं मिळवणं अमेरिकेत १९८१पासून सुरू झालं. गोठवलेल्या भ्रूणापासून गर्भधारणा झाल्याची बातमी १९८३मध्ये मेलबर्नहून आली. आज कुठल्याही शहरातल्या वंध्यत्व केंद्रात हे रोजचं काम आहे.

परळची फेरतपासणी

या गोष्टीचा दुसरा अंक मुंबईत, परळला घडला. तिथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजननविषयक संशोधन संस्था होती (आजही आहे, नाव लांबलं आहे) आणि तिचे संचालक होते डॉ. टी. सी. आनंद कुमार. जवळच्याच केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा होत्या. या दोघांच्या चमूच्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म झाला. नोंदी चोख होत्या, सगळं वैज्ञानिक रीतीने प्रसिद्ध झालं आणि ‘भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ’ हा मान मुंबईकडे आला.

१९९७मध्ये आनंद कुमार एका परिषदेसाठी कलकत्त्याला गेले. तिथे मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी त्यांच्या हाती आल्या. त्यांनी त्या वाचल्या, पडताळल्या आणि ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून सांगितलं, की भारतात हे पहिल्यांदा करण्याचं श्रेय मुखोपाध्यायांचं आहे. त्या लेखाने जे पहिलेपण गेलं ते त्यांचं स्वतःचं होतं. विज्ञानाच्या इतिहासात असा माणूस फार वेळा भेटत नाही.

श्रेयाच्या वादापेक्षा मला यात एक वेगळा प्रश्न दिसतो. १९७८ची समिती आणि १९९७चे आनंद कुमार एकाच कामाकडे बघत होते. समितीने विचारलं, ‘हे आम्हाला ठाऊक असलेल्या पद्धतीशी जुळतं का?’ आनंद कुमारांनी विचारलं, ‘हे खरोखर केलं असेल, तर नोंदी अशाच दिसतील का?’ पहिला प्रश्न स्वतःजवळच्या मापाने मोजतो. दुसऱ्यासाठी समोरची गोष्ट आधी समजून घ्यावी लागते.

आज भ्रूणाच्या एकेका पेशीतल्या जनुकांची माहिती मोजली जाते आणि तिची प्रत तपासण्याचं काम संगणकावर होतं. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे या तपासणीचं तांत्रिक अंग मला ओळखीचं वाटतं. पण तिचा इतिहास चाळायला लागलं, की हेच दोन प्रश्न समोर येतात.

दहा पिकोग्रॅम

शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण एका वेळी त्यांतली काहीच ‘बोलतात’. बोलणारं जनुक स्वतःच्या आरएनए प्रती काढतं. कुठल्या जनुकाच्या किती प्रती आहेत हे मोजलं, की पेशी काय करते आहे याचा अंदाज येतो. याला जनुकांची अभिव्यक्ती मोजणं म्हणतात. जुन्या पद्धतींना त्यासाठी लाखो पेशी एकत्र वाटून घ्याव्या लागत. मिसळीच्या रश्श्याची चव घेऊन मटकीचा एक दाणा कसा होता ते सांगण्यासारखं ते होतं.

भ्रूणाच्या बाबतीत ही पद्धत मुळातच निरुपयोगी. चार पेशींच्या भ्रूणात चारच पेशी असतात. साधारण एका पेशीतलं एकूण आरएनए सुमारे १० पिकोग्रॅम भरतं. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. त्यातही ज्यावरून प्रथिनं बनतात ते संदेशवाहक आरएनए काही टक्केच.

२००९मध्ये फुचोऊ तांग, अझीम सुरानी आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या चार पेशींच्या भ्रूणातली एकच पेशी घेऊन तिचं अख्खं आरएनए वाचून दाखवलं. सुरानी हे केनियात जन्मलेले, भारतीय वंशाचे, केंब्रिजमधले भ्रूणशास्त्रज्ञ. आधीच्या मायक्रोअ‍ॅरे तंत्राच्या तुलनेत त्यांना ५,२७० जनुकं जास्त सापडली. ‘एकपेशीय आरएनए वाचन’ हे क्षेत्र इथून सुरू झालं असं मानतात. म्हणजे या विद्येचा पहिला विषयच भ्रूणाची पेशी होता. रक्त, मेंदू, ट्यूमर हे सगळं नंतर आलं.

२०१३मध्ये तांग यांच्या चीनमधल्या गटाने मानवी भ्रूणांच्या आणि त्यांच्यापासून वाढवलेल्या मूलपेशींच्या मिळून १२४ पेशी वाचल्या. २०१६मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतून सोफी पेट्रोपोलस, फ्रेडरिक लॅनर आणि सहकाऱ्यांनी ८८ मानवी भ्रूणांतल्या १,५२९ पेशींची माहिती प्रसिद्ध केली. हे भ्रूण मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या जोडप्यांनी दान केलेले होते. मुखोपाध्याय, एडवर्ड्स, हिंदुजा यांच्या पिढीने जे शक्य केलं, त्यामुळेच असे भ्रूण शरीराबाहेर अस्तित्वात आले. ते मागवून मिळत नाहीत. यातली एक पेशी ‘खराब’ म्हणून काढणं आणि दुकानाच्या विक्रीच्या नोंदीतली एक चुकीची ओळ काढणं यांत म्हणूनच फरक आहे.

शून्याचे दोन अर्थ

पेशीतून आकड्यांचा तक्ता कसा तयार होतो ते थोडक्यात पाहू. भ्रूणाच्या पेशी एकमेकींपासून सोडवायच्या. प्रत्येक पेशी वेगळ्या नळीत फोडायची. आरएनएच्या शेपटीला अ‍ॅडेनिनची लांब माळ असते, तिला धरून रेणू पकडायचे आणि त्यांच्या डीएनए प्रती करायच्या. माल इतका थोडा, की या प्रतींच्या पुन्हा लक्षावधी प्रती कराव्या लागतात. मग यंत्रावर वाचन. शेवटी एक मोठा तक्ता हाती येतो: ओळीत जनुकं, स्तंभात पेशी, चौकटीत संख्या.

यातल्या बहुसंख्य चौकटींत शून्य असतं. पेशी सोडवताना ती फुटू शकते. आरएनए पकडताना बरेचसे रेणू निसटतात. प्रती करताना काही रेणूंच्या वारेमाप प्रती होतात, काहींच्या होतच नाहीत. त्यामुळे एखाद्या जनुकापुढचं शून्य दोन गोष्टी सांगू शकतं: जनुक गप्प होतं, किंवा ते बोललं पण आपल्याला ऐकू आलं नाही.

आमच्या एकलहऱ्यात औष्णिक वीज केंद्र आहे. चिमण्या नाशिकरोडवरून दिसतात. अशा केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये एखादा काटा शून्यावर आला, की संच बंद पडला की मापकाची तार सुटली, हा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर त्याच काट्याकडे बघून मिळत नाही, दुसरा काटा बघावा लागतो. एकपेशीय आरएनएमध्ये असा दुसरा काटा मुद्दाम घातला गेला. एका आंतरराष्ट्रीय गटाने ९२ कृत्रिम आरएनए रेणूंचा संच तयार केला, जो ईआरसीसी या नावाने ओळखला जातो. त्यांचं प्रमाण आधीच ठाऊक असतं. प्रत्येक नळीत ते ठरावीक मात्रेत टाकायचे. शेवटी कृत्रिम रेणू नीट दिसले आणि पेशीचे मात्र दिसले नाहीत, तर यंत्रणा ठीक होती, पेशीच मेलेली किंवा नळी रिकामी. दोन्ही दिसले नाहीत, तर प्रयोग फसला. पुढे प्रत्येक मूळ रेणूला प्रती काढण्याआधीच एक स्वतंत्र बारकोड चिकटवायची युक्ती आली. त्यामुळे एकाच रेणूच्या हजार प्रती झाल्या तरी मोजताना त्या एकच धरता येतात.

हे दोन्ही उपाय प्रयोगशाळेतले. पण बहुतेक तपासणी नंतर होते, पडद्यासमोर बसून, तयार तक्त्यावर. तिथे गोष्ट घसरते.

पाच टक्क्यांची गोष्ट

पेशी चांगली की वाईट हे ठरवताना साधारण तीन आकडे पाहतात. पेशीत एकूण किती रेणू मोजले गेले, किती वेगवेगळी जनुकं दिसली आणि एकूण रेणूंपैकी मायटोकाँड्रियाचे किती टक्के. तिसऱ्या आकड्यामागचं कारण सुरेख आहे. पेशीचं आवरण फाटलं, की आतल्या द्रवातलं आरएनए बाहेर गळतं. मायटोकाँड्रियाला स्वतःचं आवरण असल्यामुळे त्याचं आरएनए आतच राहतं. म्हणून मरणाऱ्या पेशीत मायटोकाँड्रियाची टक्केवारी फुगलेली दिसते.

मग किती टक्क्यांवर पेशी काढायची? सुरा नावाचं एक लोकप्रिय सॉफ्टवेअर आहे, न्यूयॉर्कच्या राहुल सतीजा यांच्या प्रयोगशाळेचं. त्याच्या शिकवणीच्या पहिल्या धड्यात रक्तातल्या २,७०० पांढऱ्या पेशींचं उदाहरण आहे. त्यात २००पेक्षा कमी किंवा २,५००पेक्षा जास्त जनुकं दिसलेल्या आणि मायटोकाँड्रियाचा वाटा ५ टक्क्यांवर गेलेल्या पेशी काढून टाकल्या आहेत. त्या रक्ताच्या नमुन्यासाठी हे आकडे योग्यच होते. पण धड्यातला कोड लोक जसाच्या तसा उचलतात. हळूहळू पाच टक्के हा जणू निसर्गनियम झाला. २०२१मध्ये ओसोरियो आणि काय या संशोधकांनी पंचावन्न लाखांहून जास्त पेशींची माहिती एकत्र करून पाहिलं, तर तपासलेल्या ४४ मानवी ऊतींपैकी १३मध्ये ही मर्यादा चालतच नव्हती.

वीज केंद्राचंच उदाहरण पुढे न्यायचं तर, कोळसा चांगला की वाईट हे एकट्या कोळशावरून ठरत नाही. भारतीय कोळशात राख भरपूर असते आणि इथले बॉयलर ते धरूनच बांधलेले असतात. परदेशातल्या कमी राखेच्या कोळशासाठीचा निकष इथे लावला, तर येणारा जवळजवळ प्रत्येक वॅगन परत पाठवावा लागेल.

आता रक्तपेशींची ही चाळणी भ्रूणावर धरून बघा. परिपक्व मानवी बीजांड ही शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक. त्यात मायटोकाँड्रियांची संख्या लाखाच्या घरात असते. फलनानंतर पेशी विभागत जातात, पण मायटोकाँड्रियांचा डीएनए सुरुवातीचे काही दिवस नव्याने वाढत नाही. आईकडून आलेला साठाच वाटून घेतला जातो. त्यामुळे सुदृढ भ्रूणाच्या सुरुवातीच्या पेशींत मायटोकाँड्रियाचा वाटा मोठा निघाला, तर ते मरणाचं लक्षण मानता येत नाही. जनुकांच्या संख्येचंही तसंच. पूर्ण लांबीचं आरएनए वाचणाऱ्या पद्धतीत भ्रूणाच्या एका पेशीत आठ-दहा हजार जनुकं सहज दिसतात. २,५००ची वरची मर्यादा लावली, तर अख्खा प्रयोगच कचऱ्यात जाईल. इतकी ढोबळ चूक निदान लक्षात तरी येते. जास्त धोका अर्धवट चुकीचा, कारण ती एखाद्याच अवस्थेच्या पेशी गुपचूप गाळते.

यावर सांख्यिकीतला एक शहाणा उपाय निघाला. ठोक आकडा न घेता, याच प्रयोगातल्या पेशींचा मध्यक काढायचा आणि त्यापासून फार दूर असलेल्या पेशी संशयित धरायच्या. दाण्यांवरून चाळणी विणण्यासारखं हे आहे. पण इथेही एक खोच आहे. एकाच प्रयोगात एका पेशीचा युग्मज आणि सात दिवसांचा भ्रूण दोन्ही असतील, तर दोघांचा मिळून मध्यक काढण्यात अर्थ नाही. युग्मज मोजकेच असतात आणि त्यांचं आरएनए प्रचंड, म्हणून तेच ‘विचित्र’ ठरतात. प्रत्येक अवस्थेचा हिशेब वेगळा करावा लागतो. तो करायला भ्रूणशास्त्र माहीत असावं लागतं, निव्वळ कोड लिहिता येणं पुरत नाही.

आईचा आवाज, बाळाचा आवाज

भ्रूण आणखी एका बाबतीत इतर सगळ्या ऊतींपेक्षा वेगळा पडतो. सुरुवातीला त्याची स्वतःची जनुकं जवळपास गप्प असतात. बीजांड तयार होताना आईने भरून ठेवलेल्या आरएनएवर त्याचे पहिले दिवस निभावतात. उंदरात भ्रूणाची जनुकं दोन पेशींच्या अवस्थेत जोमाने बोलू लागतात. माणसात हे चार ते आठ पेशींच्या दरम्यान घडतं, असं पीटर ब्रॉड, व्हर्जिनिया बोल्टन आणि स्टीफन मूर यांनी १९८८मध्ये दाखवलं.

म्हणजे चार पेशींच्या मानवी भ्रूणाचं आरएनए वाचताना आपण मुख्यतः आईचा आवाज ऐकत असतो. पुढे आईचं आरएनए नष्ट होतं आणि बाळाचं सुरू होतं. या सांध्यावर पेशीतलं एकूण आरएनए खरोखरच घटतं. आकडे उतरताना बघून चाळणी म्हणते, ‘या पेशी खराब होत चालल्यात.’ प्रत्यक्षात विकास वेळापत्रकाप्रमाणे चाललेला असतो.

त्यात अ‍ॅडेनिनच्या शेपटीचा घोळ. आईने साठवलेल्या बऱ्याच आरएनएंची शेपटी आखूड करून ठेवलेली असते, म्हणजे ते वेळेआधी कामाला लागत नाहीत. गरज पडली, की शेपटी लांबवली जाते. आपली पद्धत शेपटीलाच पकडते. आखूड शेपटीचे रेणू हातून निसटतात आणि ती लांबल्यावर अचानक दिसू लागतात. तक्त्यात वाटतं, जनुक नव्याने बोलू लागलं. मुळात ते रेणू आधीपासून तिथेच होते.

तिसरी अडचण जोडपेशींची. कधी दोन पेशी चिकटलेल्याच नळीत जातात आणि एक म्हणून मोजल्या जातात. प्रौढ ऊतीत हे ओळखायची रीत सोपी आहे: एकाच पेशीत दोन वेगळ्या जातींच्या खुणा दिसल्या, तर ती जोडपेशी. पण पाच दिवसांच्या भ्रूणात काही पेशींचं अजून ठरलेलंच नसतं, वार व्हायचं की बाळ. अशा पेशीत दोन्हींच्या खुणा असणं हेच तर शोधायचं असतं. तीच खूण पुसून टाकणारं सॉफ्टवेअर डोळे मिटून चालवलं, तर निर्णयाचा क्षणच तक्त्यातून जाईल.

यावर खरा वाद झाला. स्टॉकहोमच्या २०१६च्या अभ्यासाने म्हटलं, की मानवी भ्रूणात तीन वाटा, म्हणजे वारेची, बाळाची आणि पीतक पिशवीची, पाचव्या दिवसाच्या सुमारास एकदमच फुटतात. पुढे इतरांनी तीच माहिती उतरवून, इतर प्रयोगांच्या माहितीशी जोडून पुन्हा तपासली. २०२१मध्ये फ्रान्समधल्या मेस्टरमन आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष काढला, की आधी वारेची वाट वेगळी होते आणि उरलेल्या दोन नंतर फुटतात. कुठली पेशी कुठल्या गटात धरली, कुठली गाळली, यावर बाळाच्या पहिल्या निर्णयाचं वेळापत्रक अवलंबून होतं.

दोन्ही बाजूंच्या चुका

आतापर्यंत वाचून कुणाला वाटेल, की चाळणी फेकूनच द्यावी. तसं नाही. खोटं आत शिरलं, की काय होतं त्याचंही ताजं उदाहरण आहे.

जानेवारी २०१४मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतून ‘नेचर’मध्ये स्टॅप पेशींचे लेख आले. नवजात उंदराच्या साध्या पेशी आम्लात थोडा वेळ ठेवल्या, की त्या भ्रूणाच्या पेशींसारख्या सर्वसमर्थ होतात, असा दावा होता. त्याच संस्थेतल्या ताकाहो एंदो यांनी लेखकांनीच जाहीर केलेली आरएनएची कच्ची माहिती उतरवून घेतली आणि ती वेगळ्या नजरेने वाचली. किती आरएनए आहे यापेक्षा अक्षरांतले फरक कुठल्या प्रमाणात आहेत, हे त्यांनी मोजलं. तेव्हा एका नमुन्यात आठव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असल्याचं दिसलं. असे उंदीर जन्मापर्यंत टिकत नाहीत, त्यामुळे त्या पेशी नवजात उंदराच्या असूच शकत नव्हत्या. प्रयोगशाळेत जुन्या काळापासून वाढवलेल्या भ्रूण-मूलपेशींत मात्र हा दोष नेहमी आढळतो. दुसरा नमुना दोन प्रकारच्या मूलपेशींची भेसळ निघाला. जुलै २०१४मध्ये लेख मागे घेतले गेले. एंदो यांनी ही रीत त्याच वर्षी आरएनए माहितीची प्रत तपासण्याची पद्धत म्हणून प्रसिद्ध केली. नेहमीच्या तीन आकड्यांवर तेवढं उघडं पडलं नसतं, कारण पेशी ठणठणीत होत्या. फक्त भलत्याच होत्या.

आता उलटी बाजू. २०२३मध्ये बर्लिनच्या झुझाना इझव्हाक, बाथच्या लॉरेन्स हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी भ्रूणांची आधीपासून उपलब्ध असलेली माहिती पुन्हा उघडली. त्यात पेशींचा एक गट असा होता, की तो कुठल्याच वाटेवर बसत नव्हता. वारेच्या खुणा नाहीत, बाळाच्या नाहीत. एरवी अशा पेशी ‘दर्जा कमी’ या खाती टाकल्या जातात. या गटात जनुकसंचात उड्या मारणारे तरुण डीएनए तुकडे जोरात सुरू होते, डीएनए तुटल्याच्या खुणा होत्या आणि पेशी मरणाच्या वाटेवर होत्या. संशोधकांनी मांडलं, की भ्रूण स्वतःच अशा बिघडलेल्या पेशी बाजूला सारतो आणि निवडक पेशींमधूनच बाळ घडवतो. म्हणजे जिथे आपण प्रत तपासायला बसलो होतो, तिथे भ्रूणाची स्वतःची प्रत तपासणी आधीच चालू होती. त्या पेशी मरत होत्या हे चाळणीने बरोबर ओळखलं असतं. त्यांच्या मरण्यालाही अर्थ आहे, हे मात्र तिला कळलं नसतं.

याचा संबंध थेट दवाखान्याशी येतो. प्रयोगशाळेत वाढणाऱ्या मानवी भ्रूणांत गुणसूत्रांची गडबड असलेल्या पेशी वारंवार आढळतात. थोड्या पेशी तपासून भ्रूण ‘सदोष’ ठरवायचा आणि टाकून द्यायचा की नाही, हा प्रश्न रोज कुठल्या तरी जोडप्यासमोर उभा असतो. भ्रूण वाईट पेशी स्वतः गाळू शकत असेल, तर त्या निकालाचं वजन बदलतं.

टाकलेल्यांची यादी

आनंद कुमारांना १९९७मध्ये फेरतपासणी करता आली याचं कारण साधं आहे. मुखोपाध्यायांच्या नोंदी कुणीतरी जपून ठेवल्या होत्या. समितीचा शेरा हाती आहे आणि वह्या रद्दीत गेल्या आहेत, अशी स्थिती असती, तर कितीही न्यायी माणूस आला तरी काही करू शकला नसता.

एंदो, मेस्टरमन, इझव्हाक या तिघांच्याही कामामागे हेच आहे. कच्ची माहिती सार्वजनिक भांडारात ठेवायची शिस्त या क्षेत्राने वेळेत अंगी बाणवली. २०१३चा संच जीएसई३६५५२ या क्रमांकाने, २०१६चा ई-एमटॅब-३९२९ या क्रमांकाने आजही मोफत उतरवता येतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एकलहऱ्यातून, साध्या लॅपटॉपवर, रात्री वीज आणि नेट धड असलं की पुरतं.

मात्र एक गोष्ट अजूनही बहुतेक ठिकाणी सापडत नाही. लेखात लिहिलेलं असतं: ‘निकृष्ट पेशी वगळल्या.’ किती वगळल्या हेही बहुधा असतं. कुठल्या भ्रूणातल्या, कुठल्या दिवसाच्या, तीनपैकी कुठल्या कारणाने, याची ओळवार यादी क्वचितच मिळते. ती करणं अवघड नाही. तक्त्यातून स्तंभ पुसायचा नाही, त्याच्यापुढे आणखी एक रकाना जोडायचा आणि त्यात कारण लिहायचं. विश्लेषण करताना तेवढे स्तंभ बाजूला ठेवायचे. कोडच्या दोन-चार ओळींचं काम आहे. मग पुढच्या माणसाला दिसेल, की वगळलेल्यांपैकी निम्म्या पेशी एकाच भ्रूणाच्या होत्या, किंवा सगळ्या चार पेशींच्या अवस्थेतल्याच होत्या, आणि तो विचारेल, असं का?

कुठल्या तरी जोडप्याने मोठ्या विवंचनेच्या दिवसांत सही करून तो भ्रूण दिलेला असतो. त्यातली पेशी गाळावी लागली तर गाळावी, पण तिच्या नावापुढे कारण असावं.